कासारीच्या बाजूचं पाणी

मारलेल्या राक्षसाचं नाव मिरवणारं गाव दुसरीकडे कुठे असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या गावाची कथा अशी की, देवीनं कोल्हासुराला मारलं आणि मरता मरता त्यानं मागून घेतलं, या जागेला माझं नाव राहू दे. देवीनं तथास्तु म्हटलं. लहानपणी मला ही गोष्ट देवीच्या मोठेपणाची वाटायची. पुढे वाटायला लागलं की तो काही पुरता मेलेला नसावा. गावाखाली कुठेतरी पडून असावा आणि दरसाल आषाढात कूस बदलत असावा.

महाराज गादीवर येऊन बरीच वर्षं लोटली होती, तेव्हाची ही हकीकत. मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. माझं लग्न दहाव्या वर्षी झालं आणि दोन वर्षांत प्लेगनं नवरा गेला. त्याचा चेहरा मला आजही धड आठवत नाही. तेव्हा सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहत होतं. त्या झोपड्यांतून मी परत आले ती सरळ आबांच्या घरी. आबा म्हणजे माझे वडील. दोन म्हशी, चार बिघे शेत आणि पेठेतल्या तालमीतला मान एवढी त्यांची इस्टेट. महाराजांनी मुलींना शिकवा म्हणून सांगितलंय, तर आपली का घरात बसवायची, असं म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं. भावकी हसली. आबांनी त्यांना दारातच अशा शिव्या दिल्या की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

शाळेत मी भूगोल शिकवायची, आणि खोटं कशाला सांगू, फार झोकात शिकवायची. विहिरीमागच्या अंगणात मुलींकडून चिखलाचा नकाशा करून घेतला होता. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, वायव्येला पन्हाळा आणि जोतिबा, मध्ये वाटीसारखं खोरं आणि पूर्वेला टेंबलाईची टेकडी. नद्यांसाठी बोटानं रेघा ओढलेल्या. दक्षिणेकडून, फोंडा घाटाच्या अंगानं भोगावती. ती वाटेतल्या बहिणींना पोटात घेत येते. विशाळगडाच्या अंगानं कासारी. चिखलीजवळ प्रयागाला दोघी भेटतात आणि तिथून पुढे तिला पंचगंगा म्हणायचं. पाच नद्या म्हणतात, पण मोजायला गेलं तर चारच भरतात. पाचवी गुप्त आहे, असं मोठी माणसं सांगतात. दिसत नाही तेही या खोऱ्यात वाहतं, हे मी मुलींना हसत हसत सांगत असे.

मग मी लोटाभर पाणी फोंड्याच्या टोकाला ओतायची. ते रेघेतून वळवळत प्रयागाला यायचं आणि गावाला वळसा घालून पुढे निघून जायचं. मुली टाळ्या वाजवायच्या. मी सांगायची, बघा, आपल्याकडे कडक ऊन पडलेलं असतं आणि घाटावरच्या पायऱ्या एकेक करून बुडत असतात, त्याचं कारण हे. पाऊस घाटात पडतो, पूर आपल्याला येतो. आभाळाकडे बघून नदी कळत नाही. वर काय झालं असेल ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण मी विचारून बसले होते आणि मला उत्तर सापडलंय असं मला वाटत होतं.

घरात आम्ही तिघं. आबा, मी आणि माझी धाकटी बहीण. धाकटीच्या जन्माच्या वेळी आई गेली, तेव्हापासून धाकटी माझ्या कडेवर वाढली. मला अक्का म्हणायची, पण हट्ट करायचा तो आईकडे करावा तसा. त्या वर्षी ती अकरा वर्षांची झाली आणि पेठेच्या नव्या पाण्याची घागर तिच्या डोक्यावर द्यायची असं ठरलं.

नवं पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. आषाढात नदीला तांबडं पाणी आलं की मंगळवारी किंवा शुक्रवारी प्रत्येक पेठ वाजतगाजत ते पाणी टेंबलाईला नेते. टेंबलाई ही आमच्या अंबाबाईची सखी, पण एकदा मान मिळाला नाही म्हणून रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायची ती अशी, दरसाल. लहान मुली डोक्यावर घागरी घेऊन चालतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर पाणी ओततात. आमच्या गल्लीत आणखी एक रीत होती. घागरीत तळाशी थोडं पाणी राखायचं, ते घरोघर वाटायचं, आणि ज्यानं त्यानं ओंजळभर प्यायचं. घागर ज्या पोरीची, तिनं सगळ्यांच्या आधी. घागरीचा मान मिळाल्यापासून धाकटी रिकामी कळशी डोक्यावर घेऊन घरभर फिरत होती.

त्याच आठवड्यात शेजारचे चाचा फोंड्याहून परतले. चाचांच्या चार बैलगाड्या होत्या. गूळ खाली कोकणात न्यायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणायची, हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. पावसानं घाट बंद व्हायच्या आधीची ती शेवटची खेप. एरवी गाड्या आल्या की गल्लीतली पोरं नारळासाठी भोवती जमायची. त्या दिवशी चाचांनी पोरांना लांबूनच हाकललं. त्यांनी गाड्या धुतल्या, अंगावरचे कपडे चुलीत घातले आणि चाचीला सांगितलं की आजपासून घरात उकळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

“वरच्या अंगाला पटकी हाय,” ते आबांना म्हणाले. “भोगावतीच्या काठानं दोन गावं मोकळी झाल्यात. माणसं रानात गेल्यात. मागं राहिल्यात त्यांच्यात जाळायला बी कोन न्हाई.”

आबांनी विचारलं, मग प्रेतांचं काय करतात. चाचांनी फक्त नदीच्या दिशेला मान वळवली. मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर अंगणातला नकाशा आला, फोंड्याच्या टोकाला ओतलेलं पाणी आणि टाळ्या वाजवणाऱ्या मुली. रात्रभर मी धाकटीच्या पोटावर हात ठेवून पडले होते.

सकाळी मी आबांना म्हणाले की यंदा घागर नको. आबा हसले. मी म्हणाले, निदान घरोघर वाटायचं पाणी उकळून घेऊ. त्यावर मात्र ते हसले नाहीत.

“देवीचं पानी शिजवायचं व्हय?” एवढंच म्हणून ते म्हशींकडे गेले.

मी गप्प बसायला हवं होतं, किंवा मग ओट्यावर आडवं पडून सगळ्या पेठेला अडवायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते माझ्यासाठीच. मला एक शक्कल सुचली. रोग भोगावतीच्या खोऱ्यात आहे. कासारीचं खोरं वेगळं, मध्ये डोंगराची सोंड. प्रयागाला दोन्ही पाणी भेटतात, पण लगेच मिसळत नाहीत. बरंच अंतर एक लाल आणि एक काळसर अशी शेजारशेजारून चालतात. मी ते दोनदा स्वतः जाऊन पाहिलं होतं. मग घागर गावच्या घाटावर भरण्यापेक्षा प्रयागाला, संगमाच्या अलीकडे, कासारीच्या काठाला भरली तर? देवीचा मान राहील, संगमाचं पुण्य मिळेल आणि पाणीही चांगलं असेल.

आबांना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी त्या दिवशी तालमीत सगळ्यांना बोलावून मलाच बोलायला लावलं. पैलवानांच्या पुढे उभी राहून मी काठीनं जमिनीवर नद्या काढल्या. डोंगर काढले. हे पाणी इथून येतं, ते तिथून येतं, डोंगर दोघांना वेगळं ठेवतो, असं सांगितलं. एक म्हातारा वस्ताद शेवटी म्हणाला की पोरगी कुलकर्ण्यापेक्षा नेटकं सांगते. माझी छाती फुगली. अजून ते आठवलं की मला माझी शिसारी येते.

गल्लीत ज्यांच्या मनात धाकधूक होती त्यांची ती गेली. ज्यांनी यंदा घरी पाणी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांनीही भांडी घासून ठेवली. मास्तरीण सांगते म्हणजे खरं, असं बायका एकमेकींना सांगत होत्या.

शुक्रवारी उजाडता उजाडता आम्ही गाड्या जुंपून प्रयागाला गेलो. पाऊस थांबला होता. आभाळ खाली आलं होतं आणि जोतिबाचा डोंगर कमरेपर्यंतच दिसत होता. सनईवाला आणि ढोलकरी पुढच्या गाडीत होते. नदी फुगलेली, पण आवाज नव्हता. एवढं पाणी इतकं मुकाट्यानं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी धाकटीला घेऊन कासारीच्या काठानं बरीच वर चालत गेले, संगमापासून दूर, जिथे भोगावतीचा थेंबही येणं शक्य नव्हतं तिथवर.

तिथे करंजाच्या बुडाशी, मुळ्यांत, एक सूप अडकलं होतं.

नवं सूप. त्यात हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, लिंबू आणि भिजून फुटलेलं हळदीकुंकू. आमच्याकडे गावात पटकी शिरली की लोक मरीआईची ओटी भरून तिला गावाबाहेर घालवतात. गाडा शेजारच्या शिवेवर नेऊन सोडतात, नाहीतर ओटी सुपात घालून नदीला देतात. तू पुढे जा, आमचं गाव सोड. ते सूप भोगावतीतून आलेलं नव्हतं. पाणी उलटं वर चढत नाही, हे मीच शिकवत होते. म्हणजे कासारीच्या काठीही कुठल्यातरी गावानं तिला वाटेला लावलं होतं.

हे मला त्या क्षणी कळलं. कळलं नाही असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. मागोमाग आलेली वाजंत्री थोड्या अंतरावर वाजत होती. आबा नव्या फेट्यात कडेला उभे होते आणि सगळ्यांना सांगत होते की जागा माझ्या लेकीनं हेरली आहे. मी मागं वळून, थांबा, माझं चुकलं, एवढे तीन शब्द म्हणायला हवे होते. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. मला लाज वाटली. माणसं मरतील याच्यापेक्षा माणसं हसतील याची भीती मला जास्त वाटली. मी पायानं ते सूप मुळ्यांतून सोडवलं आणि प्रवाहात ढकललं, कोणाला दिसू नये म्हणून.

मग धाकटीची घागर भरली. उचलून तिच्या डोक्यावर ठेवताना मी तिच्या कानाशी वाकले.

“तू पिऊ नकोस,” मी म्हणाले. “नुसतं ओठाला लाव. कोणाला सांगू नकोस.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ती शहाणी पोर होती. तिनं का म्हणून विचारलं नाही.

टेंबलाईच्या पायऱ्यांवर पाणी ओतलं, नैवेद्य झाला, आणि परतताना गल्लीत शिरताच वाटप सुरू झालं. धाकटीनं सगळ्यांच्या देखत वाटी ओठाला लावली. नंतर आबा प्याले, नंतर घरं. मी स्वतः प्याले. शिक्षा म्हणून प्याले, की धाकटी सोडून बाकी सगळ्यांचा जीव मी पणाला लावलाच होता तर त्यात माझाही टाकावा म्हणून, ते मला सांगता येणार नाही. चाचांच्या घरी वाटी घेऊन मीच गेले. दरसाल आमच्याच घरून जायची. चाची बैलांना वैरण घालत होती. चाचांनी वाटी हातात घेतली आणि पाण्याकडे बघितलं. त्यांच्या चुलीवर तेव्हाही उकळत्या पाण्याचं भांडं होतं.

“ह्ये भोगावतीचं न्हाई नव्हं?” त्यांनी विचारलं.

“नाही चाचा, कासारीचं आहे.”

“तू सांगतीस म्हंजे झालं,” ते म्हणाले, आणि प्याले.

खोटं बोलले नव्हते मी. पाणी कासारीचंच होतं.

रविवारी दुपारी चाचांना जुलाब सुरू झाले. सोमवारी दिवेलागणीला सगळं आटोपलं होतं. एवढा उंचापुरा, बैलाचं जू एका हातानं उचलणारा माणूस, दीड दिवसात चिपाडासारखा झाला. मी गेले होते, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवलं नाही. त्यांच्या पाठोपाठ गल्लीच्या टोकाचा एक तान्ह्या मुलाचा बाप गेला. आबांना एक दिवस पोटात कळा आल्या आणि थांबल्या. मला काहीच झालं नाही. धाकटी अंगणात खेळत होती. सरकारी माणसं आली, विहिरीत लाल औषध टाकून गेली, आणि श्रावणाच्या सुमाराला गावातली साथ ओसरली.

पुढे मला कळलं की कासारीच्या काठच्या गावांत रोग आमच्या शुक्रवारच्या कितीतरी आधी पोचला होता. डोंगरानं पाणी अडवलं होतं, माणसं नव्हती अडवली. या खोऱ्यातली माणसं त्या खोऱ्यातल्या बाजाराला डोंगर चढून जातात, लेकी तिकडे दिल्या आहेत, बैल तिकडून आणतात. माझ्या चिखलाच्या नकाशात डोंगर होते, नद्या होत्या, पण एकही पायवाट नव्हती. तो नकाशा मी मोडून टाकला. मुलींनी कारण विचारलं तेव्हा पावसानं गेला म्हणाले.

मला वाटत होतं, कोणीतरी येऊन माझ्या तोंडावर थुंकेल. कोणी आलं नाही. उलटंच झालं. दुसऱ्या पेठांनी घाटावरचं पाणी भरलं होतं आणि तिथे जास्त माणसं दगावली होती. आमच्या गल्लीत दोनच. मग लोकांनी आपापला हिशेब केला आणि तो हिशेब माझ्या बाजूनं निघाला. मास्तरणीच्या पाण्यानं पेठ वाचली, असं लोक बोलायला लागले. चाचांचं काय म्हणून विचारलं तर उत्तर तयार होतं, ते रोग फोंड्याहूनच घेऊन आले होते. हे ऐकून मी एकदाही तोंड उघडलं नाही. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा गप्प बसणं किती सोपं जातं, ते मला तेव्हा कळलं.

वर्ष गेलं. पुन्हा आषाढ लागला, नदी तांबडी झाली. तालमीतली माणसं आमच्या अंगणात जमली, बायका मागं उभ्या राहिल्या. आबा मध्ये बसले होते. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “विचारा तिला. औंदा पानी कुठलं भरायचं, ह्ये तीच सांगंल.”

चाचीही आली होती. नवरा गेल्यापासून तिनं दोन गाड्या विकल्या होत्या आणि उरलेल्या दोन ती स्वतः भाड्याला लावत होती. तिच्या हातात घासलेली कळशी होती. ती मला म्हणाली की माझ्या घरीपण पाठव गं यंदा, मरणारा मेला, पण शेजारधर्म सोडायचा नाही. तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल काहीही नव्हतं, रागाचा कणही नव्हता.

मी काय उत्तर देणार होते, ते मला आज आठवत नाही. मला वेळच मिळाला नाही. धाकटी घागर घेऊन माझ्या शेजारी उभी होती, बारा वर्षांची, उंच झालेली. तिनं माझ्या पदराला हिसका दिला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं,

“अक्का, औंदा पिऊ का मी? का गेल्या सालागत नुसतं व्हटाला लावू?”

दोघीतिघी हसल्या. पोरीचं काहीतरी खूळ, असं त्यांना वाटलं असावं. आबा हसायला लागले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. चाची हसली नाही. ती पुढे आली, धाकटीसमोर बसली आणि तिनं अगदी हळू विचारलं, “तू प्याली नव्हतीस व्हय?”

“अक्कानं नगं म्हटलं हुतं,” धाकटी म्हणाली. “प्रयागालाच.”

चाची धाकटीकडे बघत राहिली. मी तिच्या तोंडून काय निघतं याची वाट बघत उभी होते. जे निघेल ते मला हवं होतं. तिनं धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरं झालं म्हणाली, मनापासून म्हणाली. मग रिकामी कळशी उचलून ती घरी गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

त्यानंतर तिनं आमच्याशी भांडण काढलं नाही की अबोला धरला नाही. ईदेला तिच्या घरून शीरखुर्मा यायचा तोही बंद झाला नाही. पूर्वी तीन वाट्या यायच्या. त्या वर्षापासून, ती जिवंत होती तोवर, दोन आल्या. आबांची आणि धाकटीची.